खोळ ओढायची की गादी उचलायची? फेसलिफ्टच्या पद्धती आणि ‘नैसर्गिक’ चेहरा

प्रश्न असा आला आहे: “वय ५७. नाशिकला कॉलेज रोडला राहते, शाळेतून नुकतीच निवृत्त झाले. गाल उतरलेत, जबड्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या आल्यात, मान सैल पडलीय. तीन डॉक्टरांना भेटले. एकाने डीप प्लेन सांगितलं, दुसऱ्याने स्मॅस लिफ्ट, तिसरा म्हणाला मिनी लिफ्ट पुरेल. मला ओढलेला चेहरा नकोय. ओळखीच्यांना मी मीच वाटले पाहिजे. सगळ्यात नैसर्गिक पद्धत कोणती? मुलाचं लग्न येत्या फेब्रुवारीत आहे.”

ताई, ही तिन्ही फेसलिफ्टची, म्हणजे उतरलेला चेहरा ऑपरेशनने वर उचलण्याची नावं आहेत. तिघांपैकी कोणी तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. प्रत्येकाने आपल्या हाताला बसलेली पद्धत सांगितली. आमच्या क्षेत्रात हे चालतंच. ज्या गुरूकडे जे शिकलो आणि ज्यात रुग्ण खूश राहिले, तेच माणूस पुढे करत राहतो. मी नाशिकमध्ये २२ वर्षं प्लास्टिक सर्जरी करतोय. (शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून ज्या गावाचं नाव पडलं असं आपण सांगतो, त्या गावात प्लास्टिक सर्जन म्हणून बसल्यावर बाहेरगावच्या मित्रांकडून जे विनोद ऐकावे लागतात, ते सगळे ऐकून झालेत.) एवढ्या वर्षांत मीही पद्धती बदलल्या. काही पुन्हा जुन्यावर आणल्या. त्यामुळे नावापेक्षा आत काय होतं ते आधी सांगतो. ते एकदा कळलं की तिघांचे सल्ले तुमचे तुम्हालाच ताडून बघता येतील.

घरातली जुनी कापसाची गादी आठवा. वापरून वापरून आतला कापूस सरकलाय, मध्ये खड्डा पडलाय, कडेला गोळा जमलाय, आणि वरची खोळ ढिली दिसतेय. आता खोळ घट्ट ओढली, कडेला चुणी घालून शिवून टाकली, तर चार दिवस गादी ताठ दिसेल. पण गोळा होता तिथेच राहील आणि सगळा ताण शिवणीवर येऊन ती उसवायला लागेल. पिंजारी असं करत नसे. तो गादीचे टाके तोडायचा, कापूस जागेवर आणायचा आणि मग खोळ वर नुसती बसवायचा.

चेहऱ्याची रचना बरीचशी अशीच आहे. वर त्वचा, तिच्याखाली चरबी, त्याखाली स्नायू आणि तंतूंचा एक पातळ पण चिवट पडदा. हा पडदा म्हणजेच स्मॅस. गालावरून खाली येत तो मानेच्या प्लॅटिस्मा नावाच्या चादरीसारख्या स्नायूत मिसळतो. पॅरिसच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं आणि फेसलिफ्टचा सगळा विचारच बदलला. गादीला मधूनमधून टाके असतात तसे चेहऱ्यालाही असतात: गालाच्या हाडावर, चावण्याच्या स्नायूच्या पुढच्या कडेला, हनुवटीच्या जरा बाजूला. या जागी चिवट तंतू वरचे थर खाली बांधून ठेवतात. वयानुसार मधला भाग लोंबतो, टाका मात्र जागा सोडत नाही. तुम्ही ज्यांना जबड्याच्या पिशव्या म्हणता त्या अशाच तयार होतात. हनुवटीजवळच्या टाक्याच्या मागे गाल येऊन अडकतो. शिवाय त्याच वेळी खालची फळीही खचत असते. डोळ्याची खोबण रुंदावते, वरच्या जबड्याचं हाड मागे सरतं, गालातली खोल चरबी आटते. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण कुठल्याच लिफ्टने ते परत येत नाही.

आणि स्मॅसच्या खाली चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या आहेत. सगळी भीती, सगळी कसरत आणि पद्धतींमधला बहुतेक फरक या एका गोष्टीभोवती फिरतो.

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे फक्त त्वचा. १९०१ मध्ये बर्लिनमध्ये हॉलेंडर या सर्जनने एका पोलिश सरदार घराण्यातल्या बाईंच्या कानाभोवतीची थोडी त्वचा कापून टाके घातले, तिथपासून पुढची सत्तरएक वर्षं जगभर बहुतेक हेच चाललं. त्वचा लवचिक असते. ताणाल तशी ती पुन्हा सैल होते. तोपर्यंत व्रण रुंद होतो, कानाची पाळी खाली खेचली जाते आणि तोंडाचे कोपरे बाजूला ताणलेले दिसतात. समोरून वादळी वारा यावा तसा चेहरा. जुन्या सिनेतारकांचे जे चेहरे बघून तुम्ही घाबरलात, त्यातले बरेच खोळ ओढलेले आहेत. आजही कोणी ‘फक्त त्वचेचं, एकदम सोपं, तासाभरात’ असं सांगितलं तर उठून घरी या.

त्यानंतर स्मॅसला धरून काम करणाऱ्या पद्धती आल्या. सर्वांत साधी म्हणजे स्मॅसला घडी घालून टाके घेणं. पडदा उचलायचा नाही, साडीच्या निऱ्या खोचतो तसं त्याला वर दुमडून पक्कं करायचं. नसा खाली सुरक्षित राहतात आणि ऑपरेशन लवकर होतं. बारीक, हाडकुळ्या चेहऱ्यावर मला ही पद्धत आवडते, कारण घडीमुळे गालाच्या हाडावर थोडा भराव येतो. याच कुळातली दुसरी पद्धत अमेरिकेतल्या डॅनिएल बेकर यांनी १९९० च्या दशकात रूढ केली: स्मॅसची तिरपी पट्टी कापून कडा एकमेकींना जोडायच्या. भरलेल्या, जड चेहऱ्यावर ती छान बसते. बारीक चेहऱ्यावर केली तर गाल आणखी बसलेला दिसतो. २००२ मध्ये बेल्जियमच्या तोनार आणि फेरपाले यांनी मॅक्स लिफ्ट मांडली: छोटा चिरा, आणि कानशिलाच्या खोल पडद्याला बांधलेले दोन-तीन फासे, जे गाल सरळ वर उचलतात. ‘मिनी लिफ्ट’ म्हणून जे विकलं जातं ते बहुधा याचंच कुठलंतरी रूप असतं. कधी कधी मात्र ते नाव बदललेलं त्वचेचं ओढणंच असतं.

दुसरा गट म्हणजे स्मॅस प्रत्यक्ष उचलणं. त्वचा वेगळी, स्मॅस वेगळा, असे दोन थर सोडवायचे आणि दोघांना वेगवेगळ्या दिशेने नेता येतं: स्मॅस जवळजवळ सरळ वर, त्वचा थोडी तिरपी आणि सैल. गालाच्या हाडापर्यंत पुढे गेलात की त्याला विस्तारित स्मॅस म्हणतात. माझ्या हातची बहुतेक ऑपरेशनं याच प्रकारची आहेत.

डीप प्लेनमध्ये हे दोन थर वेगळे करतच नाहीत. स्वीडनच्या तोर्द स्कूग यांनी १९७४ मध्ये त्वचा आणि खालचा थर एकत्र उचलण्याचा मार्ग दाखवला. अमेरिकेच्या सॅम हॅम्रा यांनी १९९० मध्ये तो गालाच्या मध्यापर्यंत नेला आणि ‘डीप प्लेन’ हे नाव रुळलं. कानापुढे थोडीच त्वचा सोडवायची. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनाकडे जाणाऱ्या रेषेवर स्मॅसच्या खाली उतरायचं. गादीचे टाके, म्हणजे ते चिवट तंतू, तोडायचे. आणि गाल सबंध एका तुकड्यात वर न्यायचा. यात दोन खरे फायदे आहेत. नाकापासून ओठापर्यंतच्या घडीवरचा जड गाल जास्त उचलला जातो. आणि त्वचेला खालच्या थराचा रक्तपुरवठा मिळतो, कारण तो तिला चिकटलेलाच असतो. तोटा तुम्हीच ओळखला असेल: आम्ही नसांच्या अगदी अंगणात काम करत असतो. रोज करणाऱ्याच्या हातात हे सुरक्षित आहे. वर्षातून दोनदा करणाऱ्याच्या हातात मी माझ्या बहिणीला देणार नाही.

मग भांडण कशाचं? आज मोबाईल उघडला की डीप प्लेन म्हणजे जणू वेगळंच विज्ञान आणि बाकी सगळं जुनाट, असं वाटतं. त्यावर दोन जुने दाखले सांगतो, दोन्ही सर्जन लोकांनी स्वतःच छापलेले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला साधी स्मॅस आणि दुसऱ्या बाजूला अधिक खोलची पद्धत केली गेली. सहा महिन्यांनी आणि वर्षाने बघितलं तर कुठल्या बाजूला काय केलंय ते ओळखू येईना. दुसरा दाखला त्याहून मजेदार. १९९५ च्या सुमारास एकसारख्या जुळ्या बहिणींच्या दोन जोड्यांवर चार नामांकित सर्जननी, प्रत्येकाने स्वतःच्या पद्धतीने, ऑपरेशन केलं. वर उल्लेख केलेले बेकर आणि हॅम्रा दोघेही त्यात होते. दहा वर्षांनंतरचे फोटो २००९ मध्ये छापून आले. चौघी छान दिसत होत्या. अमुक पद्धत जिंकली असं छातीवर हात ठेवून कोणालाच म्हणता आलं नाही. २१ आणि ४ हे आकडे छोटे आहेत, त्यावर वेद लिहू नये हे मला कळतं. पण वेगवेगळे कसलेले हात वेगवेगळ्या वाटांनी जवळजवळ त्याच गावाला पोचतात, एवढं त्यातून दिसतं.

माझं मत विचाराल तर ते असं: ताण आतल्या पडद्यावर पडला पाहिजे, त्वचेवर नाही. टाके घालताना त्वचेच्या दोन कडा आपणहून एकमेकींना टेकायला हव्यात, ओढून आणाव्या लागू नयेत. हे पाळलं तर घडी, पट्टी, विस्तारित स्मॅस, डीप प्लेन, चारहीतून माणूस स्वतःसारखाच दिसतो. हे पाळलं नाही तर डीप प्लेनमध्येही तोंड वाकडं-ताणलेलं दिसतं. मी असे दोन रुग्ण पाहिलेत, दोघंही ‘डीप प्लेन केलंय’ म्हणून पावती घेऊन आलेले.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. केलेला चेहरा लोक गालावरून ओळखत नाहीत. कानावरून ओळखतात.

परदेशी पुस्तकात रुग्णाचे केस मोकळे असतात, कानावर आलेले. आपल्याकडे बाई अंबाडा घालते, वेणी घालते, लग्नाला गजरा माळते, कानात कुड्या नाहीतर झुमके असतात. कान चारही बाजूंनी उघडा! म्हणून मी नाशिकच्या रुग्णाला ऑपरेशनच्या आधी एकदा केस घट्ट वर बांधून, नेहमीचे कानातले घालून बसवतो आणि पेनाने रेघा मारतो. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा आहे, त्याच्या पुढून चिरा न्यायचा की कडेच्या आतून, हे त्याच्या आकारावर ठरतं. आतून नेला तर व्रण लपतो, पण तिथली त्वचा जाड राहिली किंवा ओढली गेली तर तो उंचवटाच सपाट होतो आणि समोरून कानाचं भोक दिसायला लागतं. पुरुषांत मी बहुधा पुढूनच नेतो. आतून नेला तर दाढीचे केस कानात उगवतात आणि त्या माणसाला आयुष्यभर कानाची दाढी करावी लागते.

कानाची पाळी तर माझी स्वतःची जखम आहे. सुरुवातीच्या काळात एका बाईंचं ऑपरेशन केलं, जबडा सुरेख आला, मी खूश. आठ महिन्यांनी त्या आल्या आणि काही न बोलता कानातलं काढून दाखवलं. दोन्ही पाळ्या गालाला चिकटून खाली ओढल्या गेल्या होत्या. टोकाला गोल पाळी नव्हती, नुसता त्रिकोण. पाळीखालची त्वचा मी अर्धा सेंटीमीटर जास्त कापली होती, तिचा ताण पाळीने भोगला. नंतर दुरुस्त करून दिलं, पण तेव्हापासून पाळीखाली मी मुद्दाम त्वचा जास्त ठेवतो. शिकाऊ मुलांना ती जागा इतकी सैल वाटते की ते विचारतात, सर, इथे राहिलं का? राहू दे म्हणतो.

कल्ल्याची जागाही बघावी. गाल सरळ वर उचलला की त्वचाही वर जाते, आणि चिरा केसांच्या आतून गेला असेल तर कल्ला वर सरकून डोळ्यापाशी पोचतो. ज्यांच्या कल्ल्याचे केस आधीच विरळ आहेत त्यांच्यात मी चिरा केसांच्या कडेने घेतो. व्रण थोडा दिसतो, पण कल्ला जागेवर राहतो. कानामागे मानेवर केसांची रेघ तुटून पायरी पडलेली दिसली तर समजा, जोडताना घाई झाली. तुम्हाला कोणी ‘आमचे रिझल्ट’ म्हणून फोटो दाखवले तर या चार जागा शोधा. आणि फोटो वर्षानंतरचे मागा. केस मागे बांधलेले, बाजूने काढलेले, न हसणारे. आधीच्या फोटोत हनुवटी खाली, उजेड डोक्यावरून; नंतरच्यात हनुवटी वर, मेकअप, मंद हसू. हा खेळ सगळीकडे चालतो, त्याला सर्जरी लागत नाही.

आपल्या त्वचेबद्दलही थोडं बोलू, कारण पुस्तकं गोऱ्या लोकांवर लिहिली आहेत. आपली त्वचा जाड आणि रंगद्रव्य जास्त असलेली. बारीक सुरकुत्या उशिरा येतात, पण गाल आणि मान वजनाने लवकर उतरतात. त्यामुळे लिफ्टचा फायदा आपल्याला चांगला होतो. पण रक्त साकळलेल्या जागी काळा डाग महिनोनमहिने राहू शकतो आणि व्रण जाड होण्याची शक्यताही जास्त. मी प्रत्येकीला एक प्रश्न विचारतो: कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी कधी गाठ आली होती का? उत्तर हो असेल तर मी चार पावलं मागे सरतो. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदार मंडळींच्या त्वचेला वर्षानुवर्षांच्या उन्हाने वेगळंच रूप आलेलं असतं, आणि ओठाभोवतीच्या उभ्या रेषा तर लिफ्टने जातच नाहीत. त्याला लेझर किंवा पील (औषध लावून त्वचेचा वरचा थर काढणं), तेही आपल्या रंगाला जपून.

मिश्री. हा शब्द एकटाच लिहिला कारण तो वेगळा सांगावा लागतो. “सिगारेट, तंबाखू?” विचारलं की आपल्या बायका “छे छे” म्हणतात आणि रोज सकाळी बोटाने मिश्री लावतात. तो तंबाखूच आहे. निकोटीनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. फेसलिफ्टमध्ये आपण त्वचा सोडवतो तेव्हा तिला रक्त फक्त पुढून, गालाकडून येतं; कानामागची कड सगळ्यात लांब, तिथपर्यंत शेवटचा थेंब पोचतो. तो आवळला की कड काळी पडून मरते. (कातडी देठासकट वळवायची, देठ जिवंत तर कातडी जिवंत, हे तत्त्व आपल्या मुलखाला नवं नाही. कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या कारागिराने कपाळाच्या कातडीने जोडलं, ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि युरोपचे सर्जन तिच्यावरून शिकले.) मिश्री, तंबाखू, सिगारेट, निकोटीनचं च्युइंग गम, सगळं किमान ४ आठवडे आधी बंद आणि नंतर ४ आठवडे बंद. माझ्याकडे तारीख पुढे ढकलण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

धोके लपवत नाही. सगळ्यात जास्त होणारी गोष्ट म्हणजे त्वचेखाली रक्त साठून गुठळी होणं. बायकांत शंभरात साधारण एक ते तीन, पुरुषांत त्याहून जास्त, कारण दाढीच्या त्वचेला रक्त भरपूर. बहुतेक पहिल्या २४ तासांत होते, आणि तिचं रक्तदाबाशी सख्य आहे. एका गृहस्थांना आम्ही सांगितलं, सकाळपासून उपाशी राहा, पाणीही नको. त्यांनी प्रामाणिकपणे बीपीची गोळीही घेतली नाही. रात्री अकराला एक गाल फुगून दगड झाला. पुन्हा टेबलवर घेऊन रक्त काढलं, सगळं ठीक झालं. पण चूक आमच्या सूचनांच्या कागदाची होती. आता त्यावर ठळक लिहिलंय: बीपीची गोळी एका घोटाबरोबर घ्यायचीच. म्हणून ‘संध्याकाळी घरी सोडतो’ म्हणणाऱ्याला एक विचारा: रात्री गाल सुजला तर कोण येणार, किती वेळात?

नसांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त दुखावते ती कानाच्या पाळीला जाणीव देणारी नस, मानेवरून वर जाणारी. ती दुखावली तर पाळी बधिर राहते, झुमका घातलाय की पडलाय कळत नाही. चेहरा हलवणारी नस कायमची जाण्याचं प्रमाण अनुभवी हातात शंभरात एकाहूनही कमी. सुजेमुळे काही आठवडे ओठ किंवा भुवई थोडी वाकडी राहणं त्याहून जास्त वेळा दिसतं आणि ते बहुतेक भरून येतं.

धाग्यांची लिफ्ट, अल्ट्रासाउंडची मशीन, फिलर (सुईने त्वचेखाली भरायचा भराव): चाळिशीत गाल जेमतेम सुटायला लागले असतील तर ठीक. विरघळणाऱ्या धाग्यांचा परिणाम साधारण वर्षभर टिकतो. तुमच्यासारख्या मानेवर ते पैसे गोदावरीत टाकण्यासारखं आहे. आणि उतरलेला गाल फिलर भरून वर आणायला गेलं की चेहरा वर जात नाही, फुगतो. तुम्हाला ज्याची भीती वाटते, तो अनोळखी चेहरा हल्ली सर्जरीपेक्षा सुईनेच जास्त तयार होतोय.

आता तुमच्यापुरतं. न तपासता शेवटचा शब्द देणार नाही, पण घरी एक करून बघा. आरसा घेऊन पाठीवर झोपा आणि चेहऱ्यावर आरसा धरा. गाल मागे जाऊन जबड्याची रेघ मोकळी होते. चांगली लिफ्ट साधारण तेवढंच देते. त्यात समाधान वाटलं तर पुढे जायला हरकत नाही. “अजून हवं” वाटलं तर ते अजून म्हणजेच ओढलेला चेहरा. मग बसून, कानापुढे दोन बोटं टेकवून त्वचा वरच्या दिशेने सेंटीमीटरभर सरकवा. मानेच्या मधल्या दोन उभ्या दोऱ्या गेल्या का बघा. गेल्या नाहीत तर नुसत्या बाजूने काम होणार नाही. हनुवटीखाली साधारण ३ सेंटीमीटरचा चिरा घेऊन प्लॅटिस्माच्या दोन कडा मध्ये शिवाव्या लागतील. मान सैल आहे असं तुम्ही स्वतःच लिहिलंत, म्हणून तिसऱ्या डॉक्टरांची मिनी लिफ्ट मला तुमच्यासाठी अपुरी वाटते. गाल उतरलेले असण्यापेक्षा मान विसरलेली जास्त दिसते: गुळगुळीत चेहरा आणि खाली कोंबडीची मान. उरलेल्या दोघांत, स्मॅस लिफ्ट की डीप प्लेन, ज्याने ते ऑपरेशन जास्त वेळा केलंय त्याच्याकडे जा. चेहरा भरलेला आणि नाकाजवळची घडी खोल असेल तर माझं झुकतं माप डीप प्लेनला. चेहरा बारीक असेल तर घडीची स्मॅस, आणि वाटल्यास पोटाची थोडी चरबी गालात. ती किती टिकेल ते माणसागणिक बदलतं, म्हणून मी कमीच भरतो.

वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील तर आधी वजन सहा महिने स्थिर होऊ द्या, नाहीतर लिफ्टनंतर गाल पुन्हा रिकामे होतील. साखर, रक्तदाब काबूत हवा. ॲस्पिरिन कोणी लिहून दिलं असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पण माशाच्या तेलाच्या, ई जीवनसत्त्वाच्या, लसणाच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी थांबवा, त्यांनीही रक्त पातळ होतं. डॉक्टरची पदवी बघा: प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. विमा हा खर्च देत नाही आणि सौंदर्याच्या सर्जरीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो अंदाजपत्रकात धरलाय का तेवढं विचारून घ्या.

फेब्रुवारीचं लग्न असेल तर ऑपरेशन ऑगस्टपर्यंत आटपा, फार तर सप्टेंबर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. तेव्हा आरसा बघून रडू येतं, अगदी खंबीर बायकांनाही. पुढचे टाके ५ ते ७ दिवसांत निघतात, कानामागचे थोडे नंतर. तीन आठवड्यांत गंगापूर रोडला भाजी आणायला जाल, ऑपरेशन झालंय हे कोणी ओळखणार नाही. पण गाल बधिर आणि ताठ वाटणं काही महिने चालतं, व्रणाचा लालसरपणा सहा महिने तरी. केसांना रंग ऑपरेशनच्या आठवडाभर आधी लावा, मग महिनाभर नाही. जड झुमके तीन महिने नाहीत. पावसाळ्यात ऊन कमी असतं, डाग राहायची भीती त्यामानाने कमी. तोही एक फायदा. लग्न चार महिन्यांपेक्षा जवळ आलं असेल तर आता करूच नका. विहिणीच्या पंक्तीत सुजलेल्या गालाने बसण्यापेक्षा उतरलेला गाल बरा. लग्न झाल्यावर निवांत करू.

भेटायला याल, माझ्याकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे, तेव्हा कुठल्या नटीचा फोटो आणू नका. स्वतःचे पस्तिशीतले दोन-तीन फोटो आणा, एखादा बाजूने काढलेला असेल तर फारच उत्तम. शाळेच्या गॅदरिंगचे गठ्ठे असतीलच घरात. आणि मिश्री लावत असाल तर घरच्यांना नाही सांगितलंत तरी चालेल, डॉक्टरांना सांगा.